दहा शेळ्यांच्या दीड वर्षात पन्नास होत नाहीत

शेळीपालनाचा एक हिशोब सध्या मोबाइलवरून फिरतोय. १० शेळ्या आणि १ बोकड घ्या, दीड वर्षात ५० होतील. चाऱ्याला खर्च नाही, शेळीला आजार नाही, दुष्काळाची भीती नाही, दूध ४०० रुपये लिटरने जातं. धाराशिव-बीडकडची कोरडवाहू पोरं तो वाचून कर्ज काढायला निघतात. शेळी खरंच पैसे देते, म्हणून तर हा हिशोब खोडायला हवा.

आधी ५० चं बघू. शेळी ५ महिने गाभण असते. व्याल्यावर पुन्हा माजावर येऊन गाभण राहायला दोन-तीन महिने जातात. आज विकत घेतलेली, गाभण नसलेली शेळी दीड वर्षात दोनदाच विते, तेही सगळं सुरळीत झालं तर. आपल्याकडच्या उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी बरीच होतात, पण दर वेळी नाही. वेताला सरासरी दीड करडू धरलं तर १० शेळ्यांची ३० करडं. एकही दगावलं नाही, एकही शेळी भाकड राहिली नाही असं मानलं तरी बोकड धरून एकूण आकडा ४१. त्यात निम्मी करडं नर, म्हणजे विकायची. दुसऱ्या वेताच्या पाटी, म्हणजे मादी करडं, तेव्हा जेमतेम ४ महिन्यांच्या. त्यांच्यावर कर्जाचा हप्ता कसा फिटणार?

दुधाचा घोळ याहून मोठा आहे. उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते, चारेक महिने. खाली जुळी असली तर पहिले दोन महिने त्यातलं जवळपास सगळं करडांनाच लागतं. कोरडवाहू भागात खरा पैसा बोकडाच्या वजनाचा, आणि ते वजन या दुधावरच उभं राहतं. ते काढून विकलं की करडं खंगतात, पहिल्या पावसात हगवणीने मरतात. हिशोबात मात्र तेच दूध दोनदा धरलेलं असतं: एकदा विकलेलं, एकदा करडांनी प्यालेलं. करडं चारा खायला लागली की उरेल तेवढं दूध काढावं, त्यावर घरची पोरं पोसावीत. माझ्या मते तोही नफाच.

मग जास्त दुधाची सानेन जातीची शेळी आणा म्हणतात. सानेन स्वित्झर्लंडच्या थंड खोऱ्यातली. तिथे ती तीन-चार लिटर देते, हे खरं. पण गोरी कातडी आणि मेमधलं ४२ अंशांचं ऊन यांचं जमत नाही. ती धापा टाकते, चारा सोडते आणि दूध आटतं.

४०० चा दर डेंग्यूच्या साथीत ऐकू येतो, कारण शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात असा समज आहे. त्याला पुरावा नाही. आजार उतरला की प्लेटलेट आपोआप वाढतात. वर हे दूध कच्चं प्यायला सांगतात, त्यातून ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्गाचा आजार होऊ शकतो. अडलेल्या घराकडून असे पैसे घेणं मला पटत नाही.

शेळी आजारी पडत नाही, हेही खोटं. पीपीआर ही विषाणूची साथ आणि आंत्रविषार हा आतड्यात विष तयार होणारा रोग कळप झोपवतात. दोन्हींवर लस आहे. आंत्रविषाराची दरवर्षी पावसाळ्याआधी टोचा, कारण तो नव्या कोवळ्या गवतावर उठतो.

राहिला चारा. श्रावण ते मार्गशीर्ष बांध-माळावर भागतं. फाल्गुनापासून माळ मोकळा होतो आणि ३० किलोच्या शेळीला रोज किलो-सव्वा किलो कोरडं वैरण-खाद्य लागतंच. दुभती असेल तर जास्त, आणि उन्हाळ्यात सहा-सात लिटर पाणीही. मेमध्ये भुसकट विकत घेणाऱ्याचा बोकड त्या भुसकटातच जातो. आपल्याकडे तूर आणि हरभऱ्याची मळणी झाली की भुसकट रानात पडतं; काही जण ते पेटवूनही देतात, ते बघून जीव तुटतो. ते तेव्हाच भरून ठेवावं. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ ही चाऱ्याची झाडं हवीत, मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. शेवरीची पहिली कापणी यायला चार-पाच महिने लागतात, म्हणून ती शेळ्या आणायच्या आधीच्या पावसाळ्यात लावलेली असावी लागते.