दाखव ना बे, कसा आला!

साक्षगंध असो का लग्न, शटर पडलं की मागून आलंच, "दाखव ना बे, कसा आला!" काय दाखवू मामाजी? या कॅमेऱ्याले मागं स्क्रीनच नाही. आत 36 फोटोंचा रोल हाय. धुतल्याबिगर काही दिसत नाही, अन् रंगीत रोल धुवाले तालुक्यात कोणी उरलं नाही, कुरिअरनं धाडा लागते. "मंग मोबाईल काय वाईट?" हेही ठरलेलंच.

त्यात मुहूर्त मे महिन्यातला. रंगीत रोलचं डेव्हलपर, म्हंजे रोल धुवाचं रसायन, 38 अंशाले चालते, आमचा मंडप 44 वर! डबीतले रोल ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून खुर्चीखाली ठेवतो, तर एखादं पोट्टं उचकून पाहतेच. (कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं असतं तर घ्या, रोलवर उजेड पडून नवरदेवासकट सारं पांढरं.)

अन् "अजून चारपाच घे, डोळे मिटले असन!" अरे बाप्पा, दर क्लिकले पैसा लागते. मी शिकून राहिलो, नीट थांबून, उजेड पाहून एकच घेतो. त्या एकाच्या टायमाले, नेमकं "सावधान" म्हणताच, समोर धा मोबाईल उभे!

वरतून एखादा रोल काळापांढरा टाकला, तर नवरीचा काका: "काळापांढरा रोल कायले टाकला? लग्न हाय का तेरवी?"