म्हणे फॉर्मल्स कंपल्सरी!

उद्या अकरा वाजता नोकरीच्या इंटरव्ह्यूचा सेकंड राउंड. मेसेजमध्ये पत्ता अर्धवट, पगाराचा आकडा गायब, पण शेवटची ओळ मात्र ठळक: ‘फॉर्मल्स कंपल्सरी. ब्लेझर असल्यास उत्तम.’ अरे, पाच महिने बसून असलेल्या माणसाला बोलावताय ना? मग ब्लेझर कुठून आणायचा तेही त्याच मेसेजात लिहा की!

माझ्याकडे इंटरव्ह्यूचा शर्ट एकच. फिकट निळा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. कॉलर विरली म्हणून टेलरकडून उलटवून घेतली होती, ती आता दुसऱ्या बाजूनेही विरायला लागलीये. पँट कमरेत सैल, कारण नोकरी गेल्यावर मेसचा एका वेळचा डबा बंद केला. पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं पाडलीत. बूट मावसभावाचे, नऊ नंबर. माझा आठ. पुढे कागदाचा बोळा कोंबून चालतो, आणि ‘कॉन्फिडन्टली चाला’ असं यूट्यूबवरचे गुरुजी सांगतात. चालून दाखवा ना एकदा हे बूट घालून.

पुण्यात लक्ष्मी रोडला जाऊन फक्त भाव विचारून आलो. बरा शर्ट १२००, पँट १५००, बूट २०००, पट्टा-मोजे धरून ५०० च्या पुढे. झाले ५२००. माझं कॉट बेसिसचं भाडं आहे ४५००. म्हणजे महिनाभर डोक्यावर छप्पर हवं की अंगावर शर्ट, एवढंच ठरवायचंय. वर दुकानात जीएसटी कमी झाल्याचा बोर्ड. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के. छान. आधी हजारावरच्या शर्टाला १२ टक्के होता, म्हणजे माझे सत्तर-ऐंशी रुपये वाचले. उरलेल्या अकराशेंचं काय करू?

‘अरे फॅशन स्ट्रीटला जा, जुन्या बाजारात बघ.’ बघितलं. रविवारी मंगळवार पेठेत उन्हात दोन तास उकरलं. शर्ट मिळतो, पण एक तर खांदे कोपरापर्यंत येतात, नाहीतर खिशावर कुठल्यातरी सिक्युरिटी एजन्सीचं नाव भरतकाम केलेलं. माणुसकीच्या भिंतीपाशीही जाऊन आलो, लाज सोडून. लहान मुलांचे फ्रॉक, एका साडीचं अर्ध, आणि चाळीस कमरेची पँट. लग्नात एकदा घातलेले कोट लोक त्या भिंतीला लटकवत नाहीत. ते कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्यांसोबत पंधरा पंधरा वर्षं झोपतात, पोट सुटल्यावर अंगात शिरत नाहीत तरीही.

पण खरी चीड याची नाही. खरी चीड पैसे मागताना येते. मेमध्ये मला ताप आला, तेव्हा काकांनी न मागता दोन हजार पाठवले होते. देव माणूस. गेल्या आठवड्यात त्याच काकांना म्हटलं, ‘काका, इंटरव्ह्यूसाठी बूट घ्यायचेत, दोन हजार उसने द्याल का?’ पलीकडे शांतता. मग, ‘कंपनीवाले गुण बघतात बाळा, बूट नाही बघत.’ हे काका स्वतःच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल म्हणाले होते, ‘मुलगा चपला घालून आला, काय बघायचं त्याचं!’ तेव्हा गुण कुठे गेले होते?

आपल्याकडे हे असंच आहे. औषधाला पैसे मिळतात, परीक्षेच्या फीला मिळतात, गावाला जायला तिकीट काढून देतात. कपड्यांना मागितले की लगेच ‘मौज सुचतेय याला’. अरे, हे कपडे माझ्यासाठी हत्यार आहेत. सुताराने पटाशी मागितली तर त्याला कोणी म्हणत नाही की लाकूड तुझे गुण बघेल.

आणि आहेर! मागच्या लग्नसराईत मामाने शर्टपीस-पँटपीस दिला, वर टॉवेल-टोपी. ‘शिव की झकास भाच्या.’ शिवतो की मामा. टेलरने दोन्हीची शिलाई ११०० सांगितली. कापडापेक्षा शिलाई जड. आणि दहा दिवसांनी या म्हणाला, म्हणजे वीस दिवस धरा. तो पीस मामालाही कुणाच्या तरी लग्नात मिळालेला, हे मला पक्कं माहीत आहे. खोक्यावर दुसऱ्याच आडनावाची चिठ्ठी होती. महाराष्ट्रात असे हजारो पीस घरोघर फिरत असतील, कुणाच्याही अंगाला न लागता. रोख द्या रे! पाकिटात घालून द्या, वर एक रुपया चिकटवून द्या, पण रोख द्या.

सरकारचं म्हणाल तर महास्वयंम या रोजगाराच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून झालंय. रोजगार मेळाव्यालाही गेलो. तिथे मांडव होता, भाषणं होती. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन, पण ते रुजू झाल्यावर. रुजू होण्यासाठी आधी समोर उभं राहावं लागतं, आणि उभं राहण्याचा खर्च कुठल्याच रकान्यात नाही. मग कुणीतरी सांगितलं, ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याच्या सरकारी महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघ, नोकरी गेली तर सरासरी पगाराच्या निम्मे पैसे ९० दिवसांपर्यंत मिळतात. उड्या मारत कागद काढले. ईएसआयसीची मर्यादा २१,००० पगाराची. माझा पगार नोकरी जाण्याच्या आदल्या वर्षी दीड हजाराने वाढून २२,५०० झाला होता. पेढे वाटले होते मी त्या वाढीचे! तेच पेढे आता घशात अडकलेत.

ब्रिटनमध्ये जॉबसेंटरकडे, म्हणजे तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयाकडे, फ्लेक्सिबल सपोर्ट फंड असतो, त्यातून इंटरव्ह्यूच्या कपड्यांनाही पैसे मिळू शकतात. सरसकट नाही, तिथल्या साहेबाला पटलं तर. न्यूयॉर्कमध्ये १९९७ पासून एक संस्था बायकांना इंटरव्ह्यूसाठी सूट देते. म्हणजे हा खर्च खरा आहे, मौज नाही, हे जगात कुणाला तरी कळलंय. आपल्याकडे मात्र तलाठी भरतीच्या परीक्षेला २०२३ मध्ये खुल्या गटाकडून १००० रुपये फी घेतली. बेरोजगाराकडून घ्यायचं सगळ्यांना जमतं.

आता गंमत ऐका. गेल्या महिन्यात एका ठिकाणी पावसात दोन बस बदलून गेलो, इस्त्री मोडू नये म्हणून पूर्ण रस्ता उभा. आत गेलो तर इंटरव्ह्यू घेणारा गोल गळ्याच्या टी-शर्टात, पायात स्लीपर, एक पाय खुर्चीवर. टॅली येतं का, जीएसटी रिटर्न भरलेत का, सगळं विचारलं, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणतो, ‘नॉलेज ठीक आहे, पण प्रेझेंटेबल नाही वाटत.’ पगार? अठरा हजार. बसायचं कुठे? मागच्या खोलीत, फायलींच्या ढिगात. मला तिथे बघणार कोण होतं, झुरळं?

फोटो स्टुडिओवाला बरा. पासपोर्ट फोटोला ८० रुपयांत कोट, टाय सगळं चढवून देतो. माझ्या बायोडेटावर मी एकदम बँकेचा मॅनेजर दिसतो. उद्या तो कागद छातीशी धरूनच आत जावं म्हणतो.

तूर्तास शर्ट धुवून पंख्याखाली टांगलाय. बाहेर पाऊस सुरू आहे, कॉलर अजून ओली आहे, इस्त्रीवाला सकाळी नऊशिवाय उघडत नाही, आणि रूममधला एक शहाणा आत्ताच म्हणाला, ‘भाई, पंखा एकवर कर ना, थंडी वाजतेय.’