वाढत्या तिळाला हात लावू नका म्हणे!

वाढणारा तीळ किंवा मस दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. सावळ्या कातडीला त्वचेचा कॅन्सर होतच नाही. सुई लागली की तो अंगभर पसरतो. आणि एका डॉक्टरने ‘काही नाही’ म्हटल्यावर दुसऱ्याकडे जाणं म्हणजे कापाकापीला आमंत्रण. असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, तिघंही काळजीपोटीच.

त्यात तथ्याचा अंश आहे, तो आधी मान्य करू. अंगावरचे बहुतेक तीळ, मस, चामखिळी निरुपद्रवी असतात. वयाबरोबर येणारे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे खडबडीत तपकिरी डागही कॅन्सर नसतात. पण मेसेज बोलतोय ‘वाढणाऱ्या’ तिळाबद्दल, आणि तिथेच सगळं फिरतं.

दुखणं ही कसोटीच चुकीची. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, सुरुवातीला बहुधा दुखत नाही. 1985 साली न्यू यॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ओळखीच्या चार खुणा मांडल्या: दोन अर्ध्या बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच डागात अनेक रंग, आणि 6 मिमीपेक्षा जास्त व्यास. 2004 मध्ये त्यात पाचवी जोडली गेली: बदल. मला विचाराल तर ती पहिल्या क्रमांकावर हवी होती. कारण काही मेलॅनोमा गोल, एकरंगी, घट्ट गाठीसारखे असतात, काही तर चक्क गुलाबी. पहिल्या चार खुणांना ते सहज चकवतात, पण वाढणं त्यांना लपवता येत नाही.

सावळ्या कातडीला धोका कमी असतो हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. 1977 मध्ये निदान झालं आणि 1981 मध्ये, अवघ्या 36व्या वर्षी तो गेला. गडद त्वचेत हा आजार तळपाय, तळहात, नखाखाली अशा जागी जास्त आढळतो, म्हणजे नेमका आपण बघत नाही तिथे.

आता सुईची भीती. बायोप्सीमुळे, म्हणजे तपासण्यासाठी डागाचा तुकडा काढल्यामुळे, मेलॅनोमा पसरतो, याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. संशयित डाग शक्यतो भोवतीच्या दोनेक मिमी निरोगी कातडीसकट पूर्णच काढतात. समज पसरला तो बहुधा क्रमामुळे: माणूस उशिरा येतो, आजार आधीच पसरलेला असतो, बायोप्सीत तो कळतो आणि खापर फुटतं सुईवर. उलट बायोप्सीशिवाय सगळ्यात महत्त्वाचा आकडा कळतच नाही: गाठ किती मिमी खोल गेली आहे. 1970 पासून ही जाडी मोजली जाते आणि पुढचे उपचार बरेचसे तिच्यावर ठरतात. भीती वाटायलाच हवी असेल तर धागा बांधण्याची, ॲसिडने जाळण्याची वाटू द्या. वरचा भाग जातो, मूळ राहू शकतं, आणि तपासायला तुकडाही उरत नाही. हीच गत तपासणीशिवाय लेझरने तीळ घालवण्याची.

राहिला दुसऱ्या मताचा मुद्दा. पहिल्या डॉक्टरांनी पाहिला तो त्या दिवशीचा तीळ. त्यानंतर तो बदलला असेल तर ते मत आता जुनं झालं. त्यात त्यांचा अपमान कसला? हवं तर त्यांच्याकडेच परत जा. आणि दुसरं मत म्हणजे कापाकापीच, असंही नाही. डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, नीट पाहिल्यावर कितीतरी डागांना कात्री लागायची वाचते.

मतभेद तर लॅबमध्येही होतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 187 पॅथॉलॉजिस्टना, म्हणजे काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांना, एकूण 240 नमुन्यांतले काही काही वाटून तपासायला दिले. साध्या तिळांबाबत 92 टक्के निदानं तज्ज्ञांच्या एकमताशी जुळली, पण साधा तीळ आणि स्पष्ट कॅन्सर यांच्या मधल्या, धूसर गटांत निम्मीसुद्धा नाहीत. काही महिन्यांनी तीच स्लाइड, म्हणजे नमुन्याची काच, पुन्हा दिली तर तोच माणूस कधी कधी वेगळं सांगे. म्हणून रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद’, ‘निश्चित सांगता येत नाही’ असं काही असेल, तर लॅबकडून स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या आणि मेलॅनोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. नुसता कागद दाखवून दुसरं मत मिळत नाही.

एक मात्र आहे. पहिल्याने ‘काढा’ म्हटलं असेल, तर मनासारखं उत्तर देणारा सापडेपर्यंत दारं ठोठावत महिने घालवू नका.

जाताना फोटो न्या, डागाशेजारी मोजपट्टी ठेवून एकाच उजेडात काढलेले, तारखेसह. ‘डॉक्टर, हे काय आहे?’ एवढंच विचारू नका. ‘मार्चमध्ये हा 4 मिमी होता, आता 7 आहे, आणि ही काळी कड तेव्हा नव्हती,’ असं सांगा.