चाळिशीतल्या रक्तस्रावाबद्दल, डिचोलीच्या ताईंना

ताई, गर्भाशयातल्या गाठींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, गाठ कॅन्सरची नसेल तर बायकांना घाबरवायचं कशाला, चाळिशीत अंगावरून जास्त जातंच, आणि डॉक्टरकडे गेलेली बाई पिशवी काढूनच घरी येते.

शेवटची भीती आधी घेते, कारण ती खरी आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या ऐन तरुण वयात काढल्याचं २०१९ साली उघड झालं. पाळी जाण्याआधी अंडाशयंही काढली, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच तर मी लवकर दाखवा म्हणते. सुरुवातीला रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, दुर्बिणीतून फक्त गाठ काढणं असे पर्याय हातात असतात. पुष्कळ फायब्रॉइडना, म्हणजे गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठींना, तर काहीच करावं लागत नाही. पाळी गेल्यावर ते बहुधा आक्रसतात.

पण ‘आईचं कितीतरी वर्षं असंच जायचं, तिला काही झालं नाही’ हे मला पटत नाही. आईला जिना चढताना धाप लागायची, हेही तुम्हीच लिहिलंय. त्यांचं हिमोग्लोबिन कोणी तपासलं होतं का? बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, आणि दर महिन्याला जास्त रक्त जाणं हे त्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे पुष्कळदा जास्त महत्त्वाचं. आतल्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठ भरपूर रक्त घालवते. बाहेरच्या बाजूला वाढलेली शहाळ्याएवढी गाठ पाळीला धक्काही लावत नाही, पण मूत्राशयावर दाबून सारखी लघवीला पळवते. अॅडिनोमायोसिसमध्ये आतलं अस्तर स्नायूत शिरतं. पोट जड होतं, पाळीत कळा असह्य होतात. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसत असतील तर पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला छोटा मांसल कोंब, असू शकतो. अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, तर बायका सगळ्यांत जास्त लपवतात, आणि त्यालाही व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर मात्र एक डाग दिसला तरी तपासणी हवीच.

चवथीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या फार्मसीतून परस्पर आणू नका, हेही सांगते. रक्तस्रावाचं कारण कळलेलं नसताना त्या घेणं चुकीचं आहे.

तुमच्या बहिणीला तासातासाला पॅड बदलावा लागतो, गुठळ्या पडतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तिला याच आठवड्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्या. चक्कर येत असेल तर आजच. सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. पिशवी काढायला सांगितली तर गाठ नेमकी कुठे आहे, दुसरा उपाय का चालणार नाही आणि अंडाशयं ठेवणार का, हे विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.