माहेर ३२३, सासर ३७४

"अण्णा, चेंबरच्या पॅकिंगमधून तेल येतंय," मी फोनवर म्हणालो.

"येणारच. बोल्ट तुम्ही आवळले होते ना?" अण्णा म्हणाले. अण्णा आमचे मेकॅनिक. मी हातात पाना घेतलेला त्यांना आवडत नाही. "नवीन पॅकिंग मागवा, मी बसवतो. फक्त पार्ट नंबर बघून मागवा."

'पार्ट नंबर बघून' हे शब्द अण्णांनी 'दार लावून घ्या' इतक्या सहज उच्चारले. पुढचे चार महिने त्या तीन शब्दांत गेले.

गाडी म्हणजे होंडा सीबी ५५० मोटरसायकल, १९७४ चं मॉडेल. चार सिलिंडर, ५४४ सीसी, आणि सोबत तीन खोकी. आधीच्या मालकाने खोकी देताना सांगितलं होतं, "यातलं सगळं याच गाडीचं आहे. बहुतेक." त्या 'बहुतेक'कडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं, कारण माझं लक्ष टाकीच्या रंगाकडे होतं. जुनी गाडी घेताना माणसाचं लक्ष नेहमी टाकीकडेच असतं.

तर मी पार्ट लिस्ट उघडली. त्यात 'चेंबर' (म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) नव्हतं आणि 'पॅकिंग'ही नव्हतं. मेकॅनिकची भाषा वेगळी आणि लिस्टची वेगळी. लिस्टमध्ये हजेरीपटासारखं लिहिलेलं असतं: आधी जात, मग स्वल्पविराम, मग व्यक्ती. 'गॅस्केट, ऑइल पॅन', म्हणजे आमचं चेंबरचं पॅकिंग. 'केबल, क्लच.' 'बोल्ट, हेक्स.' आणि बाजूला चित्र. चित्र असं, की कुणीतरी इंजिनात सुरुंग लावला आणि उडालेले सगळे तुकडे हवेत जागच्या जागी थांबवले. प्रत्येक तुकड्याला एक रेघ, रेघेच्या टोकाला एक आकडा. पूर्वी ही चित्रं मायक्रोफिशवर, म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या फिल्मवर असायची आणि विक्रेते ती यंत्रात घालून मोठी करून बघायचे. आता ती स्क्रीनवर आली, पण जुनी मंडळी अजून 'फिश'च म्हणतात. "काल रात्री दोन वाजेपर्यंत फिश बघत होतो," असं मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने टँक कुठे ठेवणार एवढंच विचारलं.

मला हवं होतं त्या पॅकिंगच्या रेघेच्या टोकाला १४ असं लिहिलं होतं. पार्ट नंबर इतका छोटा असतो याचा मला आनंद झाला. जुने पार्ट विकणारे एक गृहस्थ मिळाले होते, त्यांना मी लगेच लिहिलं: "सीबी ५५० चा १४ नंबर पाठवा." त्यांचं उत्तर आलं: "कुठल्या पानावरचा १४?" तो चित्रातला नुसता खुणेचा आकडा निघाला. प्रत्येक पानावर एक १४ असतो. एका पानावर तो वॉशर असतो, दुसऱ्यावर अख्खा सायलेन्सर.

खरा नंबर खालच्या तक्त्यात होता, अकरा आकड्यांचा. आता तो कसा वाचायचा ते सांगतो, कारण वाचता यायला लागल्यावरच माझ्या चुकांना खरी सुरुवात झाली.

होंडाच्या त्या काळच्या नंबरचे तीन तुकडे असतात: पाच आकडे, तीन आकडे, पुन्हा तीन. पहिले पाच म्हणजे वस्तूचं नाव. त्यातले पहिले दोन म्हणजे गाडीचा विभाग. ११ म्हटलं की क्रँककेस, १३ म्हणजे क्रँकशाफ्ट-पिस्टन, १६ कार्बुरेटर, १७ मध्ये टाकी, २२ क्लच, ३३ दिवे, ५१ फोर्क, ७७ सीट, ८८ आरसे. २२८७० म्हणजे क्लचची वायर, मग ती कुठल्याही होंडाची असो. मधले तीन म्हणजे मॉडेल. १९६९ ची प्रसिद्ध सीबी ७५० म्हणजे ३००. १९७१ ची सीबी ५०० म्हणजे ३२३. माझी ५५० म्हणजे ३७४. शेवटचे तीन म्हणजे आवृत्ती. पहिली बहुधा ०००, मग कारखान्यात काही सुधारणा झाली की ०१०, ०२० असं वर सरकतं. रंगीत पार्ट असेल तर त्यामागे रंगाची अक्षरं.

म्हणजे आपल्या नावासारखंच की! स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एवढं सोपं असताना लोक घाबरतात कशाला, असं मला वाटलं. त्या रात्री मी फार शांत झोपलो.

पंधरा दिवसांनी पॅकिंगचं पाकीट आलं. त्यावर नंबर होता ११३९५, आणि मधे ३२३.

तीनशे तेवीस! मी काय आंधळा होतो? मला मधले तीन आकडे वाचता येत होते. हे पॅकिंग ५०० चं होतं. नवशिक्या गिऱ्हाईक बघून या गृहस्थांनी दुसऱ्याच गाडीचा माल माझ्या गळ्यात मारला होता. मी लाल मार्कर घेतला, पाकिटावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "चूक! ३७४ पाहिजे", खाली दोन रेघा ओढल्या आणि पाकीट परत पाठवलं. सोबत एक पत्रही जोडलं. त्या पत्रात 'सचोटी' हा शब्द दोनदा आला होता.

उत्तर एका ओळीचं होतं: "साहेब, तुमच्याच लिस्टमध्ये बघा."

बघितलं. माझ्याच ५५० च्या लिस्टमध्ये, गॅस्केट, ऑइल पॅन या नावापुढे मधे ३२३ छापलेलं होतं. मी नंबर उतरवून घेतलाच नव्हता. शेवटी नुसतं 'चेंबरचं पॅकिंग' असंच कळवलं होतं. मग मी पानं उलटत गेलो आणि जागोजागी ३२३. काही ठिकाणी तर ३००. माझी ५५० अर्ध्याहून कमी ३७४ आहे की काय अशी शंका यायला लागली.

अण्णांना विचारलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "मधला नंबर म्हणजे तो पार्ट पहिल्यांदा कुणासाठी केला, ते. कुणाला लागतो, ते नाही. लग्न झालं तरी यांची नावं बदलत नाहीत."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझी उपमा बरोबर होती, फक्त मी सासरचं नाव शोधत होतो. हे सगळे पार्ट लग्नानंतरही माहेरचंच नाव लावतात. चेंबरचं पॅकिंग १९७१ साली ५०० साठी जन्माला आलं, म्हणून ते ३२३. तीन वर्षांनी ५५० आली, तिला तेच चेंबर दिलं, पॅकिंग त्याच नावाने नांदायला आलं. पिस्टनचं मात्र तसं नाही. ५०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५६ मिलिमीटर, ५५० चा ५८.५, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोघींचा तोच, ५०.६. म्हणून पिस्टन इथलाच, ३७४. जिथे जिथे काही बदललं तिथे नवं नाव, बाकी घर जुन्याच सुनांवर चाललेलं.

या ज्ञानाने मी इतका भारावलो, की ओळखीच्या प्रत्येक जुन्या जपानी गाडीवाल्याला पकडून नंबरांवर बोलायला लागलो. यामाहावाल्या मित्राकडे सगळं उलटं निघालं. तिथे मॉडेल आधी आणि वस्तू नंतर, सरकारी अर्जासारखं, 'आडनाव प्रथम'. त्याची १९७३ ची आरडी ३५० म्हणजे ३६०, त्यामुळे त्याच्या सगळ्या पार्टांची सुरुवात ३६० ने व्हावी अशी त्याची रास्त अपेक्षा होती. ती कुणी पूर्ण केली नाही. पुढच्या यामाहांच्या कोडमध्ये तर अक्षरंही घुसली. आरडी ४०० चा कोड 'एक-ए-शून्य'. फोनवर सांगताना तो शून्य आहे की इंग्रजी ओ, यावर त्याची एका विक्रेत्याशी दहा मिनिटं चर्चा झाली आणि शेवटी दोघांनीही विषय सोडून दिला. सुझुकीत वस्तूचे पाच आकडे आधी आणि पुढच्या पाचांत मॉडेलचे दोन. पाण्याने थंड होणारी जीटी ७५० म्हणजे ३१. आणि कावासाकी? तिथे वस्तूचं नाव आणि पुढे नुसता अनुक्रमांक. ९२०५५ म्हणजे ओ-रिंग हे कळतं, पण पुढच्या आकड्यांवरून ती कुणाची हे कळत नाही. कुळ नाही, गाव नाही, हजेरीत आहे एवढंच. मला आधी हे फार कोरडं वाटलं होतं. आता वाटतं की त्यात निदान गैरसमजाला जागा नाही. जिथे काहीच वाचता येत नाही तिथे माणूस चुकीचं वाचू शकत नाही.

सगळ्यांत प्रेमळ नंबर बोल्टांचे. होंडाचा ९२१०१-०६०१६ घ्या. ०६ म्हणजे सहा मिलिमीटर जाडी, ०१६ म्हणजे सोळा लांबी. ना माहेर, ना सासर. बोल्ट हातात धरायचा, कॅलिपर लावायचा, नंबर आणि माप जुळतं. एका संध्याकाळी मी खोक्यातले चाळीस बोल्ट असे मोजले. काम काहीच नव्हतं, फक्त कुणीतरी आपल्याशी खरं बोलतंय हे बरं वाटत होतं.

याच सुमारास क्लचची वायर तुटली. तीही माझ्यामुळेच, तिला तेल देणं मी 'पुढच्या रविवारी' या खात्यात टाकलं होतं. वायर लिव्हरच्या टोकापाशी एकेक तार सुटत विस्कटली आणि शेवटी टप्प झाली. पण मी अजिबात डगमगलो नाही. आता मी जाणता होतो. लिस्टमध्ये २२८७०, मधे ३७४. ती वायर मिळायला वेळ लागणार होता. पण एका जुन्या ओळखीच्याकडे २२८७०-३२३ पडून होती, कोरी, पाकिटातली. त्याने विचारलं, "तुझी ५५० ना रे? ही ५०० ची आहे."

त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला आजही आठवतं आणि आठवलं की कुठेतरी लपावंसं वाटतं. मी त्याला खुर्चीवर बसवलं. माहेर, सासर, १९७१, १९७४, चेंबर, सगळं समजावलं. तो बिचारा मान डोलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण लिस्टमध्ये तर ३७४ लिहिलंय ना?" मी म्हटलं, "लिस्टच्या अक्षराला चिकटून राहिलं की असंच होतं."

वायर घरी आणली. हँडलच्या बाजूचं टोक लिव्हरमध्ये झकास बसलं. खालचं बसेना. मी वाकून बघितलं, तिरकं बघितलं, आडवं झोपून टॉर्चने बघितलं. वाट बदलून बघितली, अॅडजस्टर सगळा आत घेतला, सगळा बाहेर काढला. पाठीखालची फरशी गार होती आणि माझ्या कानात चेंबरचं तेल थेंब थेंब पडत होतं.

अण्णा आले. त्यांनी वायरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "क्लच बदललाय हो ५५० ला. आतून उचलायची यंत्रणाच वेगळी. उगाच नाही नंबर बदलला."

"पण तुम्हीच म्हणालात ना, नावं बदलत नाहीत..."

"मी म्हणालो, लिस्टमध्ये ३२३ असेल तर ३२३ घ्या. लिस्टमध्ये ३७४ असेल तर कशाला ३२३ घेताय? तुम्ही नंबर वाचत बसू नका साहेब. नुसता उतरवून घ्या."

म्हणजे आधी मी बरोबर असलेला ३२३ परत पाठवला आणि मग चुकीचा ३२३ विकत आणला. मधे जे झालं त्याला मी अभ्यास समजत होतो.

शेवटी त्या विक्रेत्या गृहस्थांनाच पुन्हा लिहिलं. 'सचोटी' हा शब्द टाळला. इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर दोन्ही दिले, कारण लिस्टमध्ये काही पार्टांपुढे 'अमुक नंबरपर्यंत हा, तिथून पुढे तो' असंही असतं. ते दोन नंबर एकमेकांशी जुळत नाहीत हे बघून मी रात्रभर तळमळलो होतो, इंजिन चोरीचं आहे की काय म्हणून. मग कळलं की होंडा कारखान्यातूनच ते वेगवेगळे पडतात. यावेळी एकही नंबर मी वाचला नाही. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेत असू तसे एकेक आकडा बोट ठेवून उतरवले.

वायर आधी आली. अण्णांनी ती वीस मिनिटांत बसवली आणि तेल दिलं, माझ्यादेखत, जरा जास्तच सावकाश.

चार दिवसांनी पॅकिंग आलं. पाकीट ओळखीचं वाटलं. उलटं करून बघितलं तर त्यावर लाल मार्करने ठसठशीत लिहिलेलं होतं, "चूक! ३७४ पाहिजे", खाली दोन रेघा. 'चूक'वर पेन्सिलीने हलकीशी काट मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "१४".