ताटाची डावी बाजू

आमच्या घरात ताट वाढायची शिस्त अजून शिल्लक आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. चटणी चुकून उजवीकडे पडली तर त्या काही बोलत नाहीत, फक्त ती नीट डावीकडे येईपर्यंत पहिला घास घेत नाहीत.

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी मी जाहीर केलं, की यापुढे मी फक्त कच्चं खाणार. शिजवलेलं, भाजलेलं, तळलेलं, उकळलेलं काही नाही.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे तू नुसती डावी बाजू जेवणार," त्या म्हणाल्या.

याचं मूळ म्हातोबा टेकडीवर आहे. कोथरूडमधले आम्ही बरेच जण सकाळी तिथे जातो, त्यातले काही चढतात आणि काही माझ्यासारखे अर्ध्यात थांबून 'सूर्योदय बघतात'. रक्ततपासणीत माझं कोलेस्टेरॉल कुंपणावर बसलेलं निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, पण बघा." यातलं पहिलं वाक्य मी ताबडतोब विसरले आणि 'पण बघा' धरून बसले. त्याच आठवड्यात मी सूर्योदय बघत असताना साठीच्या एक ताई, फोनवर बोलत, न धापता, माझ्या शेजारून टेकडीची दुसरी फेरी मारून गेल्या. परत येताना मी त्यांना गाठलं. त्यांनी गुपित सांगितलं: सहा वर्षं कच्चा आहार. "चुलीवर गेलं, ते मेलं," त्या म्हणाल्या. यमक जुळलं की मला ते खरं वाटतं, हा माझा जुना दोष आहे.

नियम असा की अन्न ४८ अंश सेल्सियसच्या वर तापता कामा नये. या पंथातही उपपंथ आहेत. काही कडवे लोक ४० लाच थांबतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्यांच्या हिशेबाने हातगाडीवरची काकडी ग्राहक यायच्या आत वारलेली असणार. उष्णतेने म्हणे अन्नातली एन्झाइम्स मरतात. माझा मुलगा बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "आई, काकडीतली एन्झाइम्स काकडीच्या कामाची असतात. तुझ्या जठरातल्या आम्लात ती तशीही जगणार नाहीत." शिवाय शिजवल्याने क जीवनसत्त्व कमी होतं हे खरं, पण टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावरच अंगी जास्त लागतं, हेही त्याने ऐकवलं. एवढी फी भरून मुलाला शिकवायचं ते असं ऐकून घ्यायला.

नवऱ्याने गांधीजी काढले. तो प्रत्येक विषयात कुणीतरी काढतोच. "१९२९ साली गांधीजींनी हाच प्रयोग केला होता," तो म्हणाला, "आणि काही महिन्यांत पोट बिघडल्यावर सोडून दिला." मी म्हटलं, त्याच गांधीजींनी १९४६ साली इथे उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, ते नाही सांगत तुम्ही. त्यावर तो गप्प बसला. वादात मी जिंकले ते हे एकदाच.

मग मंडईत गेले. १८८६ सालच्या त्या दगडी अष्टकोनाने बरेच विक्षिप्त ग्राहक पाहिले असतील, पण तिथल्या भाजीवाल्याने पाहिले नसावेत. दोन किलो काकडी, दोन किलो गाजरं, किलोभर टोमॅटो, कोबीचे दोन गड्डे, मुळ्याच्या आणि पालकाच्या जुड्या. पिशवी भरता भरता त्याने विचारलं, "ताई, ससे किती पाळलेत?"

"एकच आहे," मी म्हटलं, "पण मोठा आहे."

घरी आल्यावर मुलाने हिशेब केला. एका पोळीतून मिळतात तेवढे उष्मांक काकडीतून मिळवायचे तर साधारण सहा-सातशे ग्रॅम काकडी खायला हवी. मी एरवी तीन पोळ्या खाते. हिशेब तिथेच थांबवायला सांगितला.

पहिल्या जेवणालाच सासूबाईंनी 'डावी बाजू' हे मोठ्या मनाने म्हटलं होतं हे लक्षात आलं. आपली डावी बाजू तरी कुठे कच्ची असते? काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट, म्हणजे दाणे भाजलेले. वरून तुपाची फोडणी. दही घालावं तर दूध तापवल्याशिवाय घरात विरजण लावतंय कोण? चटणीत भाजलेलं डाळं आणि पुन्हा फोडणी. लोणच्यावर गार केलेली का होईना, पण कडकडीत तापवलेली मोहरी-हिंगाची फोडणी. पापडाचं तर बोलायलाच नको. एकेक पदार्थ उचलत गेले आणि शेवटी ताटात लिंबाची फोड आणि मीठ उरलं. लहानपणी खेळात ज्याचा राज्य घेण्याशी संबंध नसतो त्याला आपण कच्चा लिंबू म्हणतो. घरच्या पंगतीत माझं स्थान नेमकं तेच झालं. मी बसत होते, पण मोजली जात नव्हते.

मग पळवाटा शोधणं आलं. दडपे पोहे! माझं माहेर रत्नागिरीचं. ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, लिंबू, नारळाचं पाणी शिंपडून पोहे दडपून ठेवायचे, विस्तवाचं नाव नाही. फोडणी वगळली तर हा कच्च्या आहाराचा राजा. दोन दिवस मी वाडगेच्या वाडगे खाल्ले आणि टेकडीवर जाऊन ताईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या कीव आल्यासारखं हसल्या. पोहे करताना भात गरम पाण्यात भिजवतात, मग भट्टीत भाजून चेपतात. म्हणजे मी दोन दिवस पूर्ण शिजलेलं अन्न खात होते. गूळ? उसाचा रस कढवून कढवून केलेला. काजू? इथे मात्र मीच त्यांना ऐकवलं. काजूच्या टरफलात असं तेल असतं की कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून बाजारात 'कच्चे' म्हणून मिळतात तेही वाफवून किंवा भाजूनच फोडलेले असतात. ताई दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. सहा वर्षं त्या काजूचं दूध पीत होत्या.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की मी कच्चं खाणार होते, घर नव्हे. त्यामुळे बाकी तिघांचा स्वयंपाक पूर्वीसारखाच, वर माझी किसणी-चिरणी वेगळी. 'चूल बंद, बाईची सुटका' असं या आहाराबद्दल कुणी लिहिलं असेल, तर ते एकट्या राहणाऱ्या माणसाने लिहिलं असणार.

आणि मीठ. आमटी चाखायची नाही म्हटल्यावर मिठाचा अंदाज हवेतच. सत्तावीस वर्षं मी स्वयंपाक करते आहे, तर हाताला सवय असेल असं मला वाटलं होतं. हाताला कसलीही सवय नसते. सवय जिभेला असते, हात तिचं ऐकतो. पहिल्या दिवशी मटकीची उसळ अळणी, दुसऱ्या दिवशी पिठलं असं की मुलाने तांब्याभर पाणी प्यायलं. नवरा काही म्हणाला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो असाच काही न म्हणता जेवायचा, ते आठवून मला भरून आलं.

शेवटी चाखायची जबाबदारी सासूबाईंवर सोपवली. त्या काम मनापासून करायच्या. पळीतली आमटी तळहातावर घ्यायच्या, जीभ लावायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या, "बरोबर." अडचण एवढीच की रक्तदाबामुळे त्यांचं मीठ बारा वर्षं कमी केलेलं आहे. त्यांचं 'बरोबर' म्हणजे इतरांचं रुग्णालयातलं जेवण. तिसऱ्या दिवसापासून मुलगा मिठाची बरणी मांडीशी घेऊन बसायला लागला. सासूबाईंना हे कुणीच सांगितलं नाही. त्या इतक्या खुशीत होत्या.

ऑफिसात वेगळंच. तिथे आमचा सहा बायकांचा डबा असतो, शिवाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर. जेवणाची सुट्टी अर्धा तास. चिंपांझी म्हणे दिवसाचे सहाएक तास चावण्यात घालवतात, कारण त्यांच्याकडे चूल नाही. मला अर्ध्या तासात ते जमवायचं होतं. बाकीच्यांचं जेवून, डबे धुऊन, एका सहकारिणीच्या जाऊबाईंचा पूर्ण वृत्तांत होऊनही माझा कोबी चालूच. दुपारी साहेबांनी फोन केला तेव्हाही माझ्या तोंडात गाजर होतं. त्यांना वाटलं लाइन खराब आहे.

थंडी त्या वर्षी चांगलीच होती. सकाळी सहा वाजता बोटं गारठलेली असताना फ्रीजमधली काकडी खाणं म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही. चहा नव्हता. रात्रभर गार पाण्यात चहाची पत्ती भिजवून सकाळी प्यायची असा एक उपाय ताईंनी सांगितला होता. मी तो केला. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

आणि अळू. ताईंच्या आहारात 'हिरवा रस' असतो, म्हणजे मिळेल तो पाला मिक्सरमधून काढायचा. एका सकाळी मला उशीर झाला म्हणून मुलाने आपण होऊन तो केला. आईसाठी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं म्हणून मी कौतुकाने एक मोठा घोट घेतला. सासूबाईंनी आदल्या दिवशी फतफद्यासाठी आणलेलं अळू त्यात होतं. घशात कुणी खाजकुइली ओतल्यासारखं झालं. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणूनच आपण ते चिंच घालून चांगलं शिजवतो. हे सगळं मुलाने मला नंतर समजावून सांगितलं, बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षातल्या त्या मुलाने. सासूबाईंनी मला तोंडात धरायला चिंचेचं बुटुक दिलं आणि म्हणाल्या, "आपल्या आज्या काय वेड्या होत्या का, चुलीपुढे बसायला?"

सोळाव्या दिवशी भोगी आली. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण सासूबाईंनी सकाळपासून चार वेळा, वेगवेगळ्या खोल्यांतून म्हटली. मी निरोगी व्हायला निघालेली, आणि म्हण थेट माझ्यावर. तडजोड म्हणून भोगीच्या भाजीतलं सगळं सामान कच्चं खायचं ठरवलं. गाजर, ओला हरभरा, बोरं, तीळ, इथपर्यंत छान. पावटे बाजूला काढले, कारण राजमा-पावट्यासारख्या शेंगभाज्यांचे दाणे चांगले उकळल्याशिवाय पोटाला बाधतात. मग वांगं. कच्चं वांगं एकदा चावून बघा. थर्मोकोल चावल्याचं समाधान मिळतं. शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावरून उतरत होती आणि तिच्यावर लोणी वितळत होतं. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

संक्रांत मात्र सोपी गेली. सुगडात जे जे भरतात, ऊस, बोरं, गाजर, हरभरे, सगळं कच्चं! वर्षातला हा एकच सण माझ्या बाजूचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी तिळगूळ देत होते आणि स्वतः ऊस सोलून खात होते. पाकाची गोळी पाण्यात टाकून बघता येते, चाखावी लागत नाही, म्हणून वड्याही बिघडल्या नाहीत. त्या रात्री मला वाटलं, जमतंय. वजन दीड किलो उतरलं होतं. टेकडीवर मी सूर्योदयाच्या जागेच्या बरीच पुढे, मारुतीच्या अलीकडच्या वळणापर्यंत जात होते. हे कच्च्याने झालं की रोजचे फरसाण आणि खारी बंद झाल्याने, हे मी मुलाला मुद्दाम विचारलं नाही.

तेविसाव्या दिवशी सासूबाई चिंचवडला नणंदेकडे गेल्या. संध्याकाळी नवऱ्याचे एक जुने साहेब, सपत्नीक, जेवायला येणार होते. पुरणपोळी नको, साधं करा, असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि चिंचगुळाची आमटी. सात वाजले. आमटीला उकळी आली होती, गोडा मसाला वर आला होता, कढीपत्ता तरंगत होता. घरात चाखायला कुणी नव्हतं. मुलगा क्लासला, नवरा श्रीखंड आणायला. चिंचवडला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोनवरून कसं सांगू? रंग कसा आहे?"

पाहुण्यांपुढे अळणी आमटी ठेवायची म्हणजे घराण्याची अब्रू. मी पळी घेतली, चार थेंब तळहातावर घेतले आणि जीभ लावली.

मीठ किंचित कमी होतं. अर्धा चमचा घातलं. आता पुरेसं झालं का ते बघायला हवं होतं, म्हणून पुन्हा बघितलं. पुरेसं होतं. पण गूळ पुढे येतोय असं वाटलं. हे तळहातावर कळत नाही, त्याला वाटी लागते. मग वाटीत घेतली. गूळ ठीक होता. आंबटाची खात्री करायला दुसरी वाटी घेतली, आणि आमटी भाताबरोबर कशी लागते हे बघितल्याशिवाय काहीच नक्की सांगता येत नाही, म्हणून कुकर उघडला.

पाहुणे आठ वाजता आले. पानं मांडली. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. नवऱ्याने आमटीच्या पातेल्यात पळी घातली, ती तळाला लागल्याचा आवाज झाला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मीठ बघत होते," मी म्हटलं.