‘मुलाच्या हातात काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या क्रिस्तो रे शाळांवरच्या, म्हणजे जिथे गरीब घरची मुलं कंपन्यांत काम करतात आणि त्याचे पैसे फीपोटी शाळेला जातात अशा शाळांवरच्या, माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पैसेवाल्यांची मुलं वाचनालयात बसतात, गरिबांची मुलं कंपनीत कागद स्कॅन करतात. कंपनीला स्वस्तात माणूस मिळतो, शाळेला पैसे मिळतात, मुलाच्या हातात काय? ही बालमजुरीच, फक्त इस्त्रीच्या शर्टातली.

बालमजुरी हा शब्द मला मान्य नाही. शिकागोच्या पिल्सन वस्तीत १९९६ साली जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी यातली पहिली शाळा काढली, तेव्हा तिथल्या मेक्सिकन स्थलांतरित कुटुंबांना खासगी शाळेची फी झेपणं शक्यच नव्हतं. त्यातून तोड निघाली ती अशी, की चार मुलांनी मिळून एक पूर्णवेळ नोकरी करायची. प्रत्येकाचा एक वार ठरलेला आणि सोमवार चौघांत आळीपाळीने, म्हणजे महिन्याला साधारण पाच दिवस काम. ज्या दिवशी काम, त्या दिवशी त्या मुलांचा वर्गच ठेवत नाहीत. तास बुडत नाहीत, आणि भरपाईसाठी शाळा जास्त वेळ चालते. अमेरिकेच्या कायद्याने १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळेत कामाला लावता येत नाही. २०१० मध्ये शिक्षणाशी जोडलेल्या अशा योजनांपुरती सूट मिळाली, पण शाळा चालू असताना आठवड्याला १८ तासांची मर्यादा आहेच. बालमजुरी मुलाची शाळा सोडवते. इथे शाळा सोडली तर कामही जातं.

आता कागद स्कॅन करण्याबद्दल. मी ज्या ऑफिसात होते तिथे अशीच एक नववीतली मुलगी दर बुधवारी यायची. जुन्या फायलींच्या पिना काढायच्या, कागद स्कॅन करायचे, नावं टाकायची. कंटाळवाणंच काम, त्यात मी गोडवे गाणार नाही. पण फोन वाजला की ती टेबलापासून लांब सरकायची. मग तिने एका पिवळ्या चिठ्ठीवर फोनवर बोलायची दोन वाक्यं लिहून ती फोनलाच चिकटवली. पहिले काही आठवडे ती अक्षरावर बोट ठेवून वाचायची. वर्षाच्या शेवटी चिठ्ठी तिथेच होती, कडा काळ्या पडलेली, आणि ती खिडकीबाहेर बघत समोरच्या वकिलाला सांगत होती की तुम्ही पाठवलेली पानं अपुरी आहेत. खात्यापित्या घरच्या मुलांना हे धाडस वडिलांच्या मित्रांशी बोलता बोलताच येतं. हिच्या घरी त्याआधी ऑफिसात कुणी काम केलेलं नव्हतं. हे सगळं कंपनीने तिच्याजवळ एक धड माणूस बसवला तरच होतं, हेही खरं. कोपऱ्यात बसवून गठ्ठे पुढ्यात टाकले, तर तुमची टीका शब्दशः लागू पडते.

गरिबाच्या मुलालाच हे का करावं लागावं, या तुमच्या रागाशी मात्र माझं भांडण नाही. तो मलाही येतो. पण ज्या मुलीला यंदा नववीत बसायचंय, तिला व्यवस्था बदलेपर्यंत थांबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहिलं ‘हातात काय?’ इथे तुम्ही मला पकडलंत. १९६४ पासून अमेरिकेत कॉलेजच्या मुलांसाठी सरकारी कमवा-शिका योजना आहे. तिथे निदान किमान वेतन द्यावंच लागतं आणि ती कमाई विद्यार्थ्याची असते. या शाळांत मात्र कामाचे पैसे फीपोटी शाळेकडे जातात. ‘मुलं स्वतःची फी स्वतः भरतात’ असं मी कौतुकाने लिहिलं, पण भरणाऱ्याला आकडा ठाऊक असतो का, हे विचारलंच नाही. त्या मुलीने मला एकदा विचारलं होतं, “माझ्या कामाचे किती झाले?” मला सांगता आलं नाही. आमच्या ऑफिसात चौकशी केली, तर तिथेही तिच्या नावावर वेगळा आकडा कुणी काढलेला नव्हता. चौघांची मिळून एक रक्कम होती, तेवढीच.

दर सत्राला प्रत्येक मुलाला त्याच्या नावाचा हिशेब कागदावर मिळायला हवा: इतके दिवस काम, इतकी रक्कम, फीत इतकी जमा. यात कुणाला काही अडचण असायचं कारण मला दिसत नाही. मूळ लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे आणि ही मागणी त्याच ठिकाणी जोडली आहे.